फक्कीचा एच

राहनाळच्या रस्त्यावर उभं राहून मान वर केली की आधी विजेच्या तारा दिसतात. त्यांच्यामागे गोदामांचे पत्रे. अंजूरफाट्याकडे सरकलं तर मेट्रोचे खांब. एवढ्यातून उरेल तेवढं आभाळ. भाताची खाचरं होती तिथे आता कंटेनर वळतात, आणि पोरांना क्रिकेटला जागा हवी असेल तर रविवारी एखादं गोदाम बंद असण्याची वाट पाहावी लागते. अशा गावात बसून विमानं आणि हेलिकॉप्टरं उघड्या रानात कशी उतरतात, कशी पडतात यावर पुस्तक लिहायचं म्हणजे विहीर नसलेल्या वाड्यात पोहण्याचा क्लास काढण्यासारखं आहे, असं घरातच ऐकून झालं आहे.

पण हा विषय मला याच भिवंडी तालुक्याने दिला. इकडच्या लग्नांत नवरदेव हेलिकॉप्टरने येतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. जमिनीला भाव आला, गोदामांचं भाडं आलं, आणि घोड्यावरून उतरून माणूस थेट पंख्याखाली गेला. असंच एक लग्न. सकाळपासून मैदानात पोरं फक्कीने गोल काढत होती, मधोमध इंग्रजी एच. कबड्डीचं मैदान आखणारेच हात, त्यामुळे गोल अगदी देखणा झाला होता. हेलिकॉप्टर आलं, खाली आलं, आणि त्या गोलातली फक्की सगळ्यात आधी उडाली. मागोमाग धूळ, पत्रावळी, थर्माकोल. मंडपाची एक बाजू कापडासकट उभी राहिली. धवले गाणाऱ्या बायका पदर तोंडावर घेऊन भिंतीशी दबल्या. वैमानिकाने मशीन तसंच वर उचललं, एक फेरी मारली आणि धूळ बसल्यावर दुसऱ्यांदा उतरवलं. कोणाला खरचटलंही नाही. जेवणाच्या पंगतीत सगळे त्या वैमानिकाला हसत होते, ‘पहिल्या झटक्यात जमलं नाही’ म्हणून. त्या दिवशी त्या मैदानात अक्कल शाबूत असलेला माणूस तो एकटाच होता, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी, वाचता वाचता कळलं.

विमानतळ सोडून इतरत्र उतरणं हा जगात काही ठिकाणी रोजचा व्यवहार आहे. अलास्कातल्या बहुसंख्य वस्त्यांना रस्ताच नाही. तिथले वैमानिक सुपर कबसारखी दोन माणसांची हलकी विमानं नदीतल्या गोट्यांच्या पट्ट्यावर, बर्फावर, गवतावर उतरवतात. त्या विमानांची चाकं बैलगाडीच्या फुगवलेल्या टायरसारखी रुंद आणि मऊ असतात, आणि तिसरं चाक पुढे नसून शेपटीखाली असतं, म्हणजे खड्ड्यात नाक रुतायला नको. जागा नवी असेल तर ते आधी तिच्यावरून खालून एक चक्कर मारतात, मग चाकं नुसती टेकवून पुन्हा उडतात, मागे उमटलेल्या रेघा पाहतात, आणि माती धरेल असं वाटलं तरच तिसऱ्या वेळी थांबतात. इतकं करूनही तिथे अपघात होतातच.

आपल्याकडे असं उड्डाण नाही, असं आपण समजतो. एका अर्थी भारतातली नियमित विमान टपाल सेवा सुरू झाली तीच अशा उड्डाणाने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले, तिथे बैलगाडीतून आलेल्या डब्यांमधलं पेट्रोल भरलं आणि जुहूला उतरले. जुहूची जागा म्हणजे समुद्राकाठचं वाळलेलं चिखलरान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून सगळा बाडबिस्तरा दर वर्षी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. पाऊस आला की जागा सोडायची, हे त्यांनी मुकाट्याने मान्य केलं होतं. आजच्या हेलिकॉप्टरवाल्या यजमानाला हे मान्य करवणं अवघड जातं.

कारण आज आपल्या राज्यात रानात उतरणं म्हणजे मुख्यतः हेलिकॉप्टरचं उतरणं. सभा, देवदर्शन, लग्न, पूरपाहणी. शाळेचं मैदान, साखर कारखान्याचं आवार, बाजार समितीचा ओटा सोडून उरलेली जागा. आणि या सगळ्या जागा निवडताना आपल्या डोक्यात एक पक्का गैरसमज असतो: हेलिकॉप्टर सरळ वर जातं आणि सरळ खाली येतं, म्हणजे त्याला खाटेएवढी जागा पुरते.

पुरत नाही. या पुस्तकातलं निम्मं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जमिनीलगत तरंगत असताना हेलिकॉप्टरच्या पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि मशीनखाली एक गादी तयार होते. साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत ही गादी साथ देते. त्याच्यावर गेलं की तीच उंची टिकवायला जास्त ताकद लागते. दुसरी गोष्ट, हेलिकॉप्टर पुढे सरकू लागलं आणि थोडा वेग आला की पंख्याला न ढवळलेली, ताजी हवा मिळते आणि उचल एकदम वाढते. म्हणून जड हेलिकॉप्टर कसलेला वैमानिक सरळ वर खेचत नाही. तो ते गादीवरून पुढे घसरवतो, वेग घेतो, मग चढतो. म्हणजे त्यालाही धावपट्टी लागते, फक्त ती हवेत असते. आपण काय करतो? सुरक्षेच्या नावाखाली चारी बाजूंनी भिंत असलेलं शाळेचं आवार देतो. भिंतीपलीकडे पिंपळ, पिंपळापलीकडे डीपी. त्या बिचाऱ्याला गादी सोडून, वेग न घेता, आधी भिंत ओलांडावी लागते. मशीन जमिनीवरून चार हात मजेत उचललं गेलं म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि खरी परीक्षा तर त्यानंतरच्या चाळीस हातांत असते.

त्यात ऊन. गरम हवा विरळ असते हे शाळेत शिकवतात, पण त्याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीचं मराठवाड्यातलं एखादं गाव घ्या, मे महिना, पारा चाळीस. वैमानिकांच्या ठोकताळ्याने गणित केलं तर तिथली हवा साडेसोळाशे मीटर उंचीवर नेहमी जितकी विरळ असते तितकी होते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे हेलिकॉप्टर उभं आहे गावच्या मैदानात, पण पंख्याच्या आणि इंजिनाच्या दृष्टीने ते कळसूबाईच्या माथ्यावर उभं आहे. सकाळी आठला जे वजन सहज उचललं तेच दुपारी बाराला उचलेल ही खात्री देता येत नाही. मंडळी मात्र तीच असतात, सोबत सत्काराच्या शाली, नारळ आणि एखादी चांदीची तलवार वाढलेली.

२५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला जे झालं ते या पार्श्वभूमीवर वाचावं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस शिवार संवाद यात्रेवर होते. हलगऱ्यात श्रमदान करून मुंबईकडे परतण्यासाठी राज्य सरकारचं सिकोर्स्की एस-७६ निलंग्याहून उडालं. आत मुख्यमंत्र्यांसह सहा जण. थोडं वर गेल्यावर वारा फिरला, उचल मिळेना, वैमानिकाने परत उतरायचं ठरवलं, आणि खाली येताना मशीन विजेच्या तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले. ती चित्रफीत महाराष्ट्राने त्या दिवशी पुन्हा पुन्हा पाहिली. पाहताना सगळ्यांचं लक्ष आत कोण आहे याकडे होतं, मैदान कसलं आहे याकडे नव्हतं. चौकशीत त्या तापमानाला झेपेल त्याहून वजन जास्त असल्याचा मुद्दा पुढे आला. तो खरा आहेच. पण तार तिथे होती, घरं तिथे होती, धूळ तिथे होती, आणि यातलं काहीही त्या दिवशी सकाळी अचानक उगवलेलं नव्हतं.

तारेबद्दल एक गोष्ट वैमानिक सांगतात, ती मला फार शिकवून गेली. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून ते खांब शोधतात आणि दोन खांबांमध्ये तार आहे असं धरून चालतात. खांब झाडीत लपलेला असेल, किंवा पोरांनी ट्यूबलाइटसाठी मंडपातून परस्पर वायर ओढलेली असेल, तर हा हिशेब कोसळतो. ती वायर ठाऊक असलेला माणूस गावात असतोच. त्याला कोणी विचारत नाही.

धुळीचं तसंच. ३ मे २०२४ ला, लोकसभेच्या प्रचारात, महाडला राजकीय नेत्या सुषमा अंधारे यांना घ्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरता उतरता डोललं, धुळीच्या लोटात शिरलं आणि आडवं झालं. आतले सुखरूप बाहेर आले. अंधारे स्वतः मोबाइलवर ते चित्रित करत होत्या, म्हणून आपल्याला ते दिसलं. त्या एका घटनेचं कारण मी इथे बसून सांगणार नाही. धूळ सर्वसाधारणपणे काय करते एवढं सांगतो. उतरण्याच्या शेवटच्या दहा-वीस फुटांत वैमानिक डोळ्यांनी जमीन धरून ठेवत असतो: एखादा दगड, गवताचा पुंजका, कुंपणाचा कोपरा. धूळ उठली की ही खूण जाते, आणि आपण सरळ खाली जातोय की बाजूला सरकतोय हे शरीराला कळत नाही. बाजूला सरकत असताना एक पाय ढेकळात अडकला की हेलिकॉप्टर त्या पायाभोवती कलंडतं. एका मर्यादेपुढे कललं की मग जगातला कोणताही वैमानिक ते सावरू शकत नाही. उपाय काय, तर पाण्याचा टँकर, वेळेवर, आणि भरपूर. सार्वजनिक बांधकाम विभागाचे लोक मोठ्या नेत्यासाठी मैदान भिजवतात, धूर करून वारा दाखवतात, अग्निशमनची गाडी उभी करतात. लग्नात टँकर येतो तो आचाऱ्यासाठी.

इथे माझं या पुस्तकातलं म्हणणं सांगून टाकतो. रानात उतरणाऱ्या यंत्राचे कर्मचारी दोन किंवा तीन नसतात. मैदान सुचवणारा सरपंच, फक्की मारणारी पोरं, टँकरवाला, महावितरणचा वायरमन, मंडपवाला, बंदोबस्ताचा हवालदार, हे सगळे त्या उड्डाणातले कर्मचारी असतात. फरक इतकाच की त्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं. विमानतळावर हीच कामं करणाऱ्यांना प्रशिक्षण असतं, परवाना असतो, चूक झाली तर जाब असतो. मैदानात जाब एकट्या वैमानिकाला. अपघातानंतर आपण ‘पायलटची चूक’ म्हणतो आणि पुढच्या सभेसाठी तेच मैदान देतो.

पंखांच्या लहान विमानांची कथा वेगळी आहे, कारण ती आपल्याकडे रानात उतरतात ती नाइलाजाने. राज्यात वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांचं एखादं विमान अधूनमधून शेतात येऊन पडतं. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सेसना १५२ कोसळलं. एकटीने उड्डाण करणारी शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर वाचली. अशा वेळी वैमानिकाला मिनिट-दोन मिनिटांत शेत निवडायचं असतं. नांगरट हिरवी नाही म्हणून वरून मोकळी वाटते, पण तिच्यात पुढचं चाक रुततं आणि विमान उलटं होतं. उभा ऊस वेग मारतो, पण त्याच्या आत बांध आहे की चारी, ते दिसत नाही. आणि वारा. समजा विमान हवेत ताशी ऐंशी किलोमीटरने उतरतंय आणि वारा वीसचा आहे. वाऱ्याला तोंड देऊन उतरलं तर जमिनीवरचा वेग साठ, पाठीवर वारा घेऊन उतरलं तर शंभर. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच शेतात, त्याच विमानात, ती पावणेतीन पट होते. उफणणीला वावडीवर चढणारा शेतकरी आधी वारा बघतो. हे ज्ञान आपल्याकडे विमानाच्या आधीपासून आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, १६ जुलै २०२१ ला, जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी परिसरात, सातपुड्याच्या जंगलात एक प्रशिक्षण विमान पडलं. प्रशिक्षक गेले. शिकणारी मुलगी गंभीर जखमी होती आणि तिथवर गाडी पोचत नव्हती. आजूबाजूच्या पाड्यांवरचे आदिवासी धावले, एका बाईने आपलं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी बांधून त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं. विमान-अपघातांवरच्या पुस्तकांत बचावपथकांची लांबलचक वर्णनं असतात. माझ्या पुस्तकात बचावाचं सगळ्यात नेमकं वर्णन या लुगड्याचं आहे.

काही अपघात मी मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. २८ जून २०१८ ला जुहूहून उडालेलं किंग एअर घाटकोपरच्या वस्तीत पडलं, ते विमानतळाच्या व्यवहारातलं. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब हेलिकॉप्टरसह गेलं. तो अपघात वाटेतला, डोंगर आणि ढग यांचा. २ ऑक्टोबर २०२४ चा पुण्याजवळच्या बावधनचा अपघात मात्र घेतला आहे, जरी ते हेलिकॉप्टर गोल्फ मैदानाच्या हेलिपॅडवरून उडालं होतं. सकाळचं धुकं, चहूकडे टेकड्या, आणि जुहूला जाऊन एका खासदारांना घ्यायचं होतं. दोन वैमानिक आणि एक अभियंता, तिघेही गेले. तिथे जागा पक्की होती. हवा नव्हती.

घाईबद्दल स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. त्याची चुणूक एवढीच. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सभेला गेलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलेलं आहे: ‘हेलिकॉप्टरला वेळेत निघायचंय, म्हणून थोडक्यात बोलतो.’ आणि पुढे पंचेचाळीस मिनिटं. डोळ्यांनी बघून करायचं उड्डाण आपल्या नियमात सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे चालत नाही. ते पंचेचाळीस मिनिटांचं भाषण वैमानिकाच्या खिशातून जातं. तो मैदानाच्या कडेला घड्याळाकडे बघत उभा असतो, आणि ‘आता नाही जमणार’ हे वाक्य त्याला आपल्या पगारापेक्षा मोठ्या माणसाला सांगायचं असतं. ते सांगणाऱ्या वैमानिकांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत, कारण त्या दिवशी काही घडत नाही.

आमच्या भागात एक खरीखुरी धावपट्टीही आहे, ती सांगितल्याशिवाय ठाणे जिल्ह्यातला माणूस मला सोडणार नाही. कल्याणपलीकडे मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेतजमिनी घेऊन विमानांसाठी पट्टी केली. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा भात लावू लागले, कागदावर जमीन सरकारची राहिली. नौदलाने कुंपणाचं काम काढलं तेव्हा, २२ जून २०१७ ला, तिथे उद्रेक झाला, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. निलंग्याच्या घटनेला तेव्हा महिनाही झाला नव्हता. एकीकडे धावपट्टी होती आणि तिच्यावर भात उभं होतं. दुसरीकडे मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर शोधून काढलेल्या मैदानातून उडत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे मला कळतं. तरी त्या मला शेजारी शेजारीच आठवतात.

लिहिता लिहिता एका संध्याकाळी मी राहनाळमध्ये फिरून पाहिलं, की इथे कुठे हेलिकॉप्टर उतरवता येईल. हा खेळ वाचकांनी आपापल्या गावात करून पाहावा. मोकळी जागा म्हणावी अशा चार-पाच सापडल्या. पहिलीवर डोक्यावरून तार. दुसरीच्या कडेला गोदामाचे जुने पत्रे, त्यांचे निम्मे हुक गंजलेले; पंख्याच्या वाऱ्याने त्यातला एखादा सुटला तर तो विळ्यासारखा फिरेल. तिसरी जागा सगळ्यात मोठी आणि सगळ्यात वाईट. पॅकिंगचं प्लास्टिक, खोकी बांधायच्या पट्ट्या, ताडपत्रीचे तुकडे, थर्माकोलचा चुरा असा गोदामी कचरा तिथे घोटाभर साचला होता. हेलिकॉप्टरचा वारा जमिनीवर आपटून कडेने वर येतो आणि पुन्हा पंख्यात ओढला जातो. त्याच्याबरोबर तो कचराही जाईल. चौथीवर भराव नवा, मुरुमाचा; वरून सपाट, आतून पोकळ. भर दुपारी कंटेनरच्या रांगेत रुग्णवाहिका अडकलेली मी इथे पाहिली आहे, त्यामुळे एखाद दिवशी आकाशातून मदत मागवायची वेळ येईल हे काही अशक्य नाही. ती कुठे उतरेल याचं उत्तर त्या संध्याकाळी मला मिळालं नाही.

पुस्तकात इंजिनांची वर्णनं कमी आणि मैदानांची जास्त आहेत, याची जाणकारांनी तक्रार करू नये. शेपटीच्या पंख्यावर मात्र चार पानं जास्तीची दिली आहेत. तो फिरताना दिसत नाही, आणि माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथची यात्रा सुरू होण्याच्या तोंडावर एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव त्याने घेतला, आणि तो माणूस हेलिकॉप्टरांच्या व्यवस्थेतलाच होता. आपल्याकडे वरातीतली पोरं सेल्फीसाठी मागून धावतात.

शेवटी, हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांतल्या एखाद्याच्या गावात उद्या हेलिकॉप्टर येणार असेल. त्याला माझी विनंती आहे. फक्की मारण्याआधी वायरमनला बोलवा आणि मैदानाच्या दोनशे पावलांतली प्रत्येक तार एका कागदावर काढून घ्या, मंडपवाल्याने ओढलेलीसुद्धा. मशीन कुठून येणार आणि कुठे जाणार ती बाजू मोकळी ठेवा; भिंतीआडची जागा कितीही सोयीची असली तरी देऊ नका. टँकर आदल्या रात्री एकदा आणि उतरण्याआधी अर्धा तास पुन्हा फिरवा. ओल्या पेंढ्याचा धूर वाऱ्याच्या खालच्या बाजूला करा. मग तो कागद मोबाइलवर वैमानिकाला पाठवा. तो मागणार नाही कदाचित. तरी पाठवा. आणि तो वरूनच परत गेला, तर नवरदेवाला गाडीने आणा.

राहनाळ, ता. भिवंडी, जि. ठाणे